सातानंतर झक्कू

पुणतांब्याच्या स्टेशनावर मनमाडकडे जाणारी गाडी टेकते न टेकते तोच सुटते, आणि आमच्या घरची माणसं मात्र निरोप द्यायला तासभर आधी येऊन बसतात. त्या तासात उकाड्याच्या, पावसाच्या, उसाच्या टोळीच्या सगळ्या गप्पा होतात, आणि बोलायचं ते नेमकं राहून जातं. मी नवऱ्याबरोबर हैदराबादला निघाले त्या दिवशीही तेच झालं. कडेवर मनू, माझी लेक, नुकती चालायला लागलेली. पायाशी दोन बॅगा, पाण्याची कळशी (हो, कळशी, हसू नका) आणि आईनं दिलेली पेरूंची पिशवी. हैदराबादला पेरू मिळत नाहीत असं आईला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

गाडी दिसल्यावर आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "जमलं न्हाई तर सरळ निघून ये. लोकं काय म्हनतील त्याचा इचार करू नको."

 बॅगा आप्पांनीच चढवल्या, कळशी सीटखाली अशी बसवली की ती मनमाडपर्यंत हलणार नाही, आणि खाली उतरून खिडकीशी आले. मला वाटलं, आता डोळे पुसतील. तर म्हणाले, "विटी पडंल तिथनं मोजत यायचं असतं, बाई. खळग्यात बसून मोजता येत न्हाई." आणि गाडी हलली. मला असा राग आला! लेक चालली परमुलखात आणि बापाला विटीदांडू आठवतोय.

हे सगळं आज लिहायचं कारण संज्या. संज्या म्हणजे माझा चुलतभाऊ, आमच्याच गल्लीतला, आता नगरला सावेडीत राहतो. आम्हा गल्लीतल्या पोरापोरींचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. पोरंपोरी म्हणायचं आपलं, एकेकाचे गुडघे बोलायला लागलेत. त्यावर परवा संज्यानं आमच्या गल्लीचा फोटो टाकला. पार काँक्रीट झालंय, आणि आम्ही जिथं खेळायचो तिथं दोन गाड्या लावलेल्या. त्याखाली सगळ्यांचं रडगाणं सुरू झालं. गेले ते दिवस, आता कुठं ते खेळ, आताची पोरं मोबाईलमध्ये घुसलेली. मोबाईलवरच लिहीत होते, हे विशेष.

रडून झाल्यावर संज्यानं सगळ्यांदेखत मला विचारलं, "ताई, भाऊजी रिटायर होतायत ना? आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट खाली हाय, मी बोलून ठेवलंय. आता परत ये कायमची. किती दिवस परक्या लोकात काढनार?" खाली लागोपाठ अंगठे. आई तर आता त्याच्याच शेजारी, माझ्या थोरल्या भावाकडे राहते, तिचाही निरोप आला की संज्या म्हणतो ते बरोबर हाय. नवरा म्हणाला, तू ठरव, मला दोन्हीकडे चहा तूच देणार. म्हणजे उत्तर मलाच द्यायचंय, आणि ते अंगठा वर करून देण्यासारखं नाही. तेव्हा बसा आता वाचत.

आमची गल्ली तशी अरुंदच होती, पण संध्याकाळी ती आमच्या मालकीची असायची. सायकलवाला दिसला तरी आम्ही ओरडायचो, आणि तो बिचारा उतरून, डाव संपेपर्यंत थांबून, मग जायचा. लगोरी व्हायची, डबा ऐसपैस व्हायचा, पोरींची ठिकरी व्हायची. पण खरा खेळ विटीदांडू, आणि तो पोरांचा. त्यात मी घुसले. कशी घुसले ते ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यांची विटी झेलून पहिल्याच दिवशी मी तिघांना बाद केलं होतं. त्यानंतर मला घ्यायचं की नाही हा प्रश्न राहिलाच नाही. मला कोणाकडून घ्यायचं यावर भांडणं व्हायची.

तुमच्या पोरानातवंडांना हा खेळ सांगावा लागतो, म्हणून सांगते. जमिनीत एक लांबट खळगा कोरायचा. त्याच्यावर विटी आडवी ठेवून दांडूनं कोलायची. समोरच्यांनी झेलली तर तुम्ही बाद. नाही झेलली तर ती जिथं पडेल तिथपासून खळग्यापर्यंत दांडूनं जमीन मोजत यायचं. आणि मोजायचं ते एक, दोन, तीन असं नाही. वकट, लेंड, मुंड, नाल, ऐद, आर, वेद, झक्कू. झक्कू झाला की पुन्हा वकट. खळग्याशी येताना ज्या शब्दावर दांडू टेकेल तसा पुढचा टोला मारायचा. वकट आलं तर विटी पायाच्या चवड्यावर, मुंड आलं तर मुठीवर. आर म्हणजे डोळा. मान वर करून मिटल्या डोळ्यावर विटी ठेवायची, ती खाली पडता पडता हाणायची. आई ओट्यावरून ओरडायची, "डोळा फोडून घे, मंग कोन करील तुला?" (केली की नाही कुणीतरी!) आणि सगळ्यात अवघड झक्कू. त्यात पाठ करून उभं राहायचं, विटी डोक्यावरून मागं उडवायची आणि गर्रकन वळून मारायची. गल्लीत झक्कू धड मारणारी दोनच माणसं होती. एक मी, आणि दुसरी व्यक्ती अजून झाली नाही.

संज्या त्या वेळी कच्चा लिंबू होता. म्हणजे खेळायला घ्यायचं, पळू द्यायचं, पण बाद झाला तरी बाद धरायचं नाही आणि झेल घेतला तरी मोजायचा नाही. त्याला ते कळायचं नाही, बिचारा जीव तोडून पळायचा.

ही गणती कुठली, हे शब्द कुठले, हे आम्ही कधी विचारलंच नाही. विटीचे शब्द ते विटीचे शब्द. लहानपणी कोण विचारतं?

हैदराबादला गेल्यावर मी स्वतःच कच्चा लिंबू झाले. आम्ही सरोजम्मांच्या घरात खाली भाड्यानं राहिलो. त्या वर राहायच्या. धिप्पाड बाई, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहील. अंगणात नळावर आजूबाजूच्या बायका जमायच्या, तेलुगूत भराभर बोलायच्या, माझ्याकडे बघून छान हसायच्या आणि पुन्हा बोलायला लागायच्या. वाईट कुणीच वागत नव्हतं. मला घेत होत्या, पण धरत नव्हत्या. कामापुरतं हिंदी बोलायचं म्हटलं तर माझं हिंदी शाळेच्या पुस्तकातलं, आणि त्यांचं हैदराबादी. मी "कृपया" म्हणाले की बायका पदर तोंडाला लावायच्या. ज्या बाईनं आख्ख्या गल्लीला भांडून गप्प केलं, ती मी कोथिंबिरीसाठी बोट दाखवत उभी राहायची. नवरा कारखान्यात, मनू झोपलेली, आणि मी भिंतीशी बोलायला लागले होते. खोटं कशाला सांगू, रोज रडायचे.

शेवटी मी नवऱ्याला सांगितलं, मला जमत नाही. तू रहा, मी मनूला घेऊन पुणतांब्याला जाते, आणि ती कायमची.  त्यानं दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आणलं आणि देवाच्या फोटोमागं ठेवलं. त्यानं अडवलं नाही हे मला जास्त लागलं, पण निर्णय बदलला नाही. कळशी आधी बांधून ठेवली.

आणि मग अंगणातल्या माडाचे नारळ काढायचा दिवस आला.

मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. गडी वर चढला होता, सरोजम्मा खाली उभ्या. वरून नारळ पडला, धप्प, आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ओकटी." दुसरा पडला. "रेंडू." मी मनूचा फ्रॉक झटकत होते. "मूडू." "नालुगू." कान टवकारले गेले, पण का ते कळेना. "ऐदू."  "आरू," त्या म्हणाल्या, आणि माझा हात आपोआप वर जाऊन डोळ्यावर बसला. ओला फ्रॉक खाली पडला. मी तशीच, एका डोळ्यावर हात ठेवून, तोंड आभाळाकडे करून उभी. "एडू!" सरोजम्मा म्हणाल्या. वरून पुढचा नारळ सुटला, आणि तो जमिनीला लागायच्या आत मी जीव खाऊन ओरडले, "झक्कू!"

 गडी वर झावळी धरून खाली बघतोय. नळावरच्या बायका बघतायत. त्या घरात येऊन इतके महिने झाले होते, आणि सगळ्यांनी ऐकावा असा माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द हा. झक्कू.

सरोजम्मा जवळ आल्या. "क्या बोले तुम?" त्यांनी विचारलं. तेलुगूत आठ म्हणजे एनिमिदी, हे त्यांनी मला सांगितलं. तसला झक्कू काही आमच्यात नाही, म्हणाल्या. मग मी काय केलं माहीत आहे? कपडे वाळत घालायची काठी घेतली, झावळीचा एक तुकडा मोडून विटी केली, आणि चवड्यावर ठेवून दाखवली. वकट. मुठीवर ठेवली. मुंड. डोळ्यावर ठेवली. आर. हिंदी, मराठी, हातवारे, जे येईल ते. सरोजम्मांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे, चिर्रागोने!" त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे विटीदांडूला चिर्रागोने म्हणतात. त्यांनी लुगड्याचा काष्टा खोचला, माझ्या हातातली काठी घेतली आणि असा टोला मारला की ती विटी कंपाउंडपलीकडे गेली. त्यांचं माहेरही आमच्या पुणतांब्यासारखं गोदावरीकाठचं, पण खूप खाली, निजामाबादकडचं. त्याही पोरांत घुसून खेळलेल्या. त्या दुपारी दोघींच्या घरी स्वयंपाक उशिरा झाला.

तिकीट मी फाडलं नाही. वाया कशाला घालवा? त्याच तिकिटावर पुणतांब्याला गेले, पण नवऱ्याला सांगून गेले की परत यायचं तिकीटही काढून ठेव. त्यानं बांधलेली कळशी सोडवून परत जागेवर ठेवली.

घरी गेल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. आपण लहानपणापासून तेलुगूत मोजत होतो, आप्पा! वकट म्हणजे ओकटी, नाल म्हणजे नालुगू. ते शब्द इथं आले कसे? आप्पांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. तेही लहानपणी असंच मोजायचे, त्यांचे वडीलही. कुठून आलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विणकर आले असतील, कुणी बैलगाड्यांवर माल घेऊन आले असतील, म्हणाले, पोरं खेळली असतील एकमेकांत. मोठी माणसं जातात, पोरांचं पोरांत राहून जातं. मग मी सांगितलं की घरमालकीण बाईचं माहेर खाली गोदावरीच्याच काठी आहे. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"मंग तू उतारालाच गेली की," आप्पा म्हणाले. "उताराला जायला कशाला रडायचं?"

आई मागून म्हणाली, व्हय, तुमाला काय जातंय बोलायला. पण तीही हसली. निघताना आप्पांनी बाभळीची विटी आणि दांडू तासून दिला, गुळगुळीत, हाताला कुसळ लागणार नाही असा. या वेळी स्टेशनावर कुणी काही बोललं नाही आणि काही राहूनही गेलं नाही.

पुढचं तुम्हाला तुकड्यातुकड्यानं माहीत आहे. मी तेलुगू शिकले ती आकड्यांपासून. सात तर येतच होते, आठपासून अभ्यास. भाजीवाल्याशी तेलुगूत पहिलं भांडण केलं त्या दिवशी घरी शिरा केला. मनू तर माझ्याआधी शिकली, ती आता स्वप्नातही दोन भाषांत बडबडते असं तिचा नवरा सांगतो. आम्ही त्याच गल्लीत, सरोजम्मांच्या अगदी शेजारी घर बांधलं. मागं एक रिकामा प्लॉट आहे, मालक परदेशात. तिथं मी पोरांना खळगा कोरून दिला. सुरुवातीला आयांना वाटलं, ही मराठी बाई पोरांचे डोळे फोडणार. माझी आई आठवली.

एका उन्हाळ्यात आप्पा आले, एकटेच, धोतर आणि टोपी सांभाळत. त्यांना तेलुगूचं ओ की ठो कळत नव्हतं, सरोजम्मांना मराठीचं. संध्याकाळी दोघं प्लॉटवर गेले. आप्पांनी कोलली, विटी लांब गेली, आणि दोघं मोजायला निघाले. दोघांनी एकच दांडू धरलेला. ते वकट म्हणाले, त्या ओकटी म्हणाल्या. लेंड, रेंडू. मुंड, मूडू. पोरं मागून चाललेली. आर, आरू. वेद, एडू. आणि पुढच्याला दोघं एकदम थांबले. आप्पा म्हणाले झक्कू, त्या म्हणाल्या एनिमिदी. आप्पा ऐकेनात. झक्कू म्हणजे झक्कू. त्यांनी पाठ फिरवून, टोपी घट्ट करून, मारूनही दाखवला. विटी त्यांच्याच खांद्याला लागली. त्या वयात! सरोजम्मा इतक्या हसल्या की खाली बसल्या. मग डोळे पुसत त्यांनी सगळ्या पोरांसमोर निकाल दिला.

"सात हमारे," त्या म्हणाल्या, "आठवां तुम्हारा."

तेव्हापासून आमच्या प्लॉटवर तोच कायदा. एडूनंतर झक्कू.

आप्पा आता नाहीत. ते गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि त्याचं दुःख माझ्या मनातून जाणार नाही, कुणी समजूत घालू नका. लांब राहण्याची किंमत असते, ती मी भरली. पण संज्या, जवळ राहून माणसं जायची थांबतात असंही नाही ना? मी परत आले तेव्हा सरोजम्मा दारात उभ्या होत्या.  संध्याकाळी मला हाताला धरून प्लॉटवर नेलं आणि पोरांना म्हणाल्या, आज पहिला टोला हिचा. मी रडत रडत मारला, आणि चांगला लांब गेला.

आता परवाचीच गोष्ट. तुझा तो फोटो आला त्याच दिवशी, समोरच्या नव्या बिल्डिंगमधली एक आई माझ्या दारात आली. हातात पोराचं बखोट, चेहरा तापलेला. शाळेत बाईंनी आकडे म्हणायला उभं केलं, तर हा म्हणाला, ऐदू, आरू, एडू, झक्कू, तोम्मिदी. सगळा वर्ग हसला. बाईंनी दटावलं तर हा भांडायला लागला की झक्कूच असतं, आमच्या प्लॉटवर सगळे म्हणतात. ती विचारत होती, हे काय शिकवता तुम्ही पोरांना? मी काही बोलायच्या आत शेजारच्या माडीवरून सरोजम्मांचा आवाज आला. त्यांचे गुडघे गेलेत, त्या आता खुर्चीत बसून वरूनच पंच असतात. त्यांनी गॅलरीतून तिला तेलुगूत खडसावलं. शाळेत एनिमिदी म्हणायचं आणि प्लॉटवर झक्कू, पोराला दोन्ही येतं, तुला एकच येतं, म्हणून तुला त्रास होतोय. ती बाई आधी चिडली, मग हसली, मग तिला विटी धरायला शिकवावी लागली. ती मूळची इथली नाहीच, ओडिशाची निघाली.

मी त्या पोराला विचारलं, झक्कू कुठला शब्द आहे, माहीत आहे का? तो म्हणाला, इथलाच.

तेव्हा मला तुझं उत्तर सापडलं, संज्या. तुम्ही म्हणता, खेळ संपले, गल्ली संपली. अरे, गल्लीत गाड्या लागल्या म्हणून गल्ली संपत नाही. आपल्याकडे तिकडचे सात शब्द राहिले होते, कुणी आणले ते कुणालाच आठवत नाही. आता इकडे आपला एक राहिलाय. ते सात जपणाऱ्या गल्लीचं मला कौतुक आहे, आणि हा आठवा रुजवला याचा मला लई अभिमान आहे. घर म्हणजे माझ्यासाठी अजूनही तो पुणतांब्याचा खळगाच. पण खळग्यात बसून मोजता येत नाही. आप्पा सांगून गेले ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय. विटी इथं पडलीय, आणि मी इथूनच मोजणार.

तेव्हा सावेडीचा फ्लॅट दुसऱ्या कुणाला तरी दे. आईला मी दिवाळीआधी घेऊन जायला येतेय, थंडीभर ती इथं राहील, सरोजम्मांना भांडायला कुणीतरी हवंच आहे. आल्यावर एक दिवस आपण सगळे पुणतांब्याला जाऊ. काँक्रीट असलं म्हणून काय झालं, खडूनं एक लांबट खळगा आखून ठेव, आणि त्या गाडीवाल्यांना सांग जरा पुढं लावायला. आप्पांचा दांडू मी आणते.

आणि संज्या, या वेळी तू बाद झालास तर बाद धरणार आहे. लई दिवस झाले तुला कच्चा लिंबू ठेवून.